शहाजीराजे, माहुली आणि समुद्र

मालवणांत सिंधुदुर्ग समोर पाण्यांतच उभा असल्यामुळें शिवाजीमहाराजांविषयीं मुलांना फारसें सांगावें लागत नाहीं. परंतु त्यांचे वडील शहाजीराजे यांचा धडा निघाला, कीं मी तो एका वाक्यांत आटोपीत असें : १६३६ सालीं माहुलीस ते शरण गेले. एकदां दांडीवरच्या एका रापणकराच्या मुलानें विचारलें, "गुरुजी, समुद्र जवळ असताना राजे डोंगरार कित्याक चढले?" मीं त्याला खालीं बसविलें. उत्तर मजजवळ नव्हतें. निवृत्तीनंतर तें शोधलें. तेंच आज सांगावयाचें आहे.

शरण गेलेला हा पुरुष लेचापेचा होता, असें कोणीं समजूं नये. १६२४ सालीं मोगल आणि विजापूरकर यांचीं सैन्यें मिळून निजामशाहीवर चालून आलीं. अहमदनगरजवळ भातवडीस मलिक अंबरानें तलावाचा बांध फोडून शत्रूची छावणी चिखलांत रुतविली. त्या लढाईंत शहाजीराजे निजामशाहीकडून लढले. त्यांचे बंधु शरीफजी तेथें कामास आले. पुढें ते विजापुराकडे गेले, मोगलांकडे गेले, पुन्हां परत आले. या फेऱ्यांचा आम्हां शिक्षकांना संकोच वाटतो. वास्तविक त्या काळीं दख्खनच्या कितीतरी सरदारांची रीत तीच होती.

१६३३ मध्यें दौलताबाद पडलें. निजामशाही बुडाली, असेंच लोकांस वाटलें. शहाजीराजांनीं मात्र त्या घराण्यांतील मुर्तजा नांवाचें एक अल्पवयी मूल पेमगिरीस गादीवर बसविलें आणि त्याच्या नांवानें सुमारें तीन वर्षें राज्य चालविलें. सरदारानें राज्य उभें करावें, ही गोष्ट लहान नव्हे. तें मोडण्यासाठीं शहाजहान बादशहा स्वतः दक्षिणेंत उतरला. १६३६ च्या मे महिन्यांत त्यानें विजापूरशीं तह केला, आणि कालपर्यंत एकमेकांशीं झुंजणाऱ्या दोन सत्ता एका माणसावर उलटल्या. मोगलांकडून खानजमान, विजापूरकडून रणदुल्लाखान.

आतां त्या मुलाचा प्रश्न. शहाजीराजे समुद्राकडे गेलेच होते! कोंकणांत उतरून त्यांनीं चौलच्या पोर्तुगीजांकडे आश्रय मागितला. तो मिळाला नाहीं. समुद्र होता, पण आरमार नव्हतें. चौलास फिरंगी, दंडाराजपुरीस सिद्दी. किनाऱ्याच्या किल्ल्या दुसऱ्यांच्या कमरेला. मग ठाण्याकडच्या रानांतला माहुलीचा डोंगर तेवढा उरला. तेथें वेढा पडला. अखेर बाळ निजाम मोगलांच्या हवालीं करून राजांना विजापूरची चाकरी पतकरावी लागली आणि दूर कर्नाटकांत जावें लागलें. शिवाजीमहाराज तेव्हां सहा वर्षांचे होते.

२३ जानेवारी १६६४ रोजीं कर्नाटकांत होदिगेरे येथें शिकारींत घोड्यावरून पडून शहाजीराजे वारले. त्याच वर्षीं २५ नोव्हेंबरास मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्याशीं पूजा होऊन कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचें काम सुरू झालें. सिद्दी आणि फिरंगी यांना पायबंद घालणें हा त्याचा हेतु, हें खरेंच. तथापि चौलच्या नकाराची आणि माहुलीची गोष्ट त्या घरांत कधींच निघाली नसेल, असें मला वाटत नाहीं. हें माझें अनुमान आहे. आपण तें तेवढेंच मानावें.

तो मुलगा आतां चाळिशीचा असून प्रवाशांना होडींतून किल्ल्यावर नेतो. पावसाळ्यापूर्वीं त्याच्याच होडींत बसून मीं त्याला हें उत्तर दिलें. सुकाणूवरचा हात न काढतां तो म्हणाला, "मगे गुरुजी, ह्यां तेवाच सांगूक व्हयां होतां."