पाठ टेकायला जागा

आमच्या अहेरीला रेल्वे नाही. अख्ख्या गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे स्टेशन म्हणावे असे वर्षानुवर्षे एकच, वडसा. आम्हा अहेरीकरांना गाडी धरायची असेल तर बल्लारशाह गाठावे लागते. तरीही आजची गोष्ट मी रेल्वेपासूनच सुरू करणार आहे, आणि तीही सातासमुद्रापलीकडच्या रेल्वेपासून.

ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतात टॅलिलिन नावाची एक छोटी रेल्वे आहे. पाटीच्या दगडाच्या खाणीसाठी १८६० च्या दशकात ती बांधली. १९४६ मध्ये खाण बंद पडली, १९५० मध्ये मालकही वारले आणि रेल्वे भंगारात जाणार हे ठरल्यासारखेच झाले. तेव्हा काही रेल्वेवेडी माणसे बर्मिंगहॅमला जमली आणि म्हणाली, आम्ही ती फुकट चालवून दाखवतो. १९५१ च्या मे महिन्यात स्वयंसेवकांनी खरोखरच गाडी सुरू केली. अशा तऱ्हेने वाचवलेली ती जगातली पहिली रेल्वे. लोक सुट्टीत येत, रुळांवरचे गवत उपटत आणि सडलेले स्लीपर बदलत.

हा इतिहास पुस्तकांत सापडतो. मला मात्र तो वाचताना वेगळाच प्रश्न पडतो. दिवसभर फावडे मारून ही माणसे रात्री झोपत कुठे असतील? शेजारच्या फेस्टिनिऑग रेल्वेने तर आपल्या स्वयंसेवकांसाठी मिन्फर्ड गावी वसतिगृहच काढले. श्रम फुकट मिळतात हो, पण श्रम करणाऱ्याला पाठ टेकायला जागा कुणीतरी द्यावीच लागते.

आपल्याकडेही वारसा जपणारे हात आहेत. चंद्रपूरच्या गोंडकालीन परकोटावर वाढलेली झाडेझुडपे काढायला २०१७ मध्ये ‘इको-प्रो’ संस्थेची मुले उतरली आणि दिवसामागून दिवस खपत राहिली. पण ती त्याच शहरातली मुले होती. काम आटोपले की आपापल्या घरी जात. खरी परीक्षा असते ती कामासाठी बाहेरगावाहून माणूस येतो तेव्हा.

त्या परीक्षेचा इतिहास शंभर वर्षांचा आहे. पहिले महायुद्ध संपल्यावर, १९२० साली, पिएर सेरेसोल नावाचा एक स्विस माणूस थोडे सोबती घेऊन फ्रान्समधल्या व्हर्दूंजवळच्या एका उद्ध्वस्त खेड्यात गेला. पडलेले गाव पुन्हा उभारायचे, एवढाच हेतू. सोबत्यांत जर्मनही होते. कालपर्यंत शत्रू असलेल्यांनी आपल्या गावात राहावे, हे तिथल्या लोकांना रुचेना. काही महिन्यांनी या मंडळींना गाव सोडावे लागले. काम चांगले होते, पण मुक्काम नको होता.

सेरेसोल यांनी हे काम सोडले नाही. त्यातूनच ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संस्था वाढली. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भूकंप झाला, तेव्हा ते तिथे आले आणि मोडलेली खेडी नव्याने वसवण्यात खपले. पुढे १९५० च्या दशकात याच संस्थेचे देशोदेशीचे तरुण आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याजवळच्या आनंदवनात आले.

आनंदवन तेव्हा नवे होते. बाबा आमटे १९५१ साली कुष्ठरुग्णांना घेऊन त्या खडकाळ माळावर राहायला गेले होते. गावातले लोक तिकडे फिरकत नसत. परदेशी तरुणांनी दवाखान्याच्या इमारतींसाठी माती-दगड वाहिले. पण माझ्या मते त्यांचे मोठे काम ते नव्हे. ते तिथेच राहिले. तिथेच जेवले, तिथेच झोपले. ही दूरदेशीची मुले इथे बिनधास्त राहतात, त्यांना काही होत नाही, हे वरोऱ्याच्या लोकांनी पाहिले आणि त्यांचीही भीती चेपत गेली, असे आनंदवनाच्या इतिहासात सांगितले जाते.

हे मला नुसते वाचून पटले नसते. मी स्वतः त्या परीक्षेला बसलो, आणि आरंभी नापास झालो.

गोष्ट १९९० च्या सुमाराची. चंद्रपूरला बी.ए. करत होतो. मूलजवळच्या सोमनाथला बाबांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस युवकांसाठी श्रमसंस्कार छावणी सुरू केली होती. ऐन मे महिन्यात, विदर्भाच्या उन्हात भरायची ती! चांदाफोर्टहून छोट्या लाइनच्या गाडीत बसलो. शतक संपता संपता ती लाइन रुंद झाली. तेव्हा मात्र अडीच फुटी रुळांवरून डुलत डुलत गाडी मूल-मारोड्याला पोहोचायची. वाटेत माझ्या मनात एकच धाकधूक. माझे नाव ऐकून शेजारी कोण झोपेल? खोली शोधताना शहरात दोन-तीन दारे नावापाशीच बंद झालेली, ती जखम ताजी होती.

छावणीत कुणी काही विचारले नाही. एका म्हाताऱ्याने माझ्या हातात सतरंजी ठेवली. त्यांच्या दोन्ही हातांची बोटे झडलेली होती. आजार केव्हाच बरा झाला होता, खूण तेवढी राहिली होती. मी सतरंजी अंथरली आणि तिच्यावर घरून आणलेली पांढरी चादर नीट चारी कोपरे ओढून पसरली. म्हातारबाबा बघत होते.

‘बाबू, तुमची चादर मळेल,’ ते म्हणाले. ‘सतरंजी धुतलेली आहे. आजच धुतली.’

बस, एवढेच. आवाजात राग नव्हता. मी चादर काढली, घडी करून उशाला घेतली. त्या रात्री झोप लवकर लागली नाही. ज्या दारांनी मला परत पाठवले, तसलेच एक दार माझ्याही आत होते.

पुढे अहेरीला परतलो, नोकरीला लागलो. काही वर्षांनी जवळच्या एका मामा तलावातला गाळ काढायचे ठरले. मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. गोंडराजांच्या काळापासून आपल्या मुलखात तळी बांधायची रीत आहे. आमचा खरा वारसा तोच. शनिवार-रविवारच्या श्रमदानाला बाहेरगावची बावीस कॉलेजची मुले येणार होती. त्यांच्या मुक्कामाची सोय माझ्याकडे आली. कारण साधे होते. माझ्या लहानपणी अब्बांच्या दुकानाचा ओटा म्हणजे अडकलेल्यांचा मुक्काम असे. १९७३ च्या डिसेंबरात हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. पावसाळ्यात नाले फुगले की भामरागडचा रस्ता बंद. तिकडे निघालेला कुणी अहेरीत अडकला, तर अब्बा दुकानाची फळी लावता लावता म्हणायचे, ‘पाणी उतरेपर्यंत इथेच पडा.’

मी घरोघर फिरलो. भाजी-भाकरी द्यायला सगळे तयार. झोपायला जागा म्हटली की पहिला प्रश्न, ‘कोन्या जातीचे पोट्टे आहेत जी?’ आमच्या मोहल्ल्यातही वेगळे घडले नाही. तिथला प्रश्न होता, ‘आपल्यातले किती?’ मला राग येत नव्हता. मला ती पांढरी चादर आठवत होती.

अखेर चार मुली आमच्या घरी उतरल्या. अम्मीने आपली खोली त्यांना दिली आणि स्वतः स्वयंपाकघरात झोपली. राहिली अठरा मुले. तलावालगतच्या टोल्यावर गेलो. माडिया आणि गोंड गावांत गोटूल असतो. बाहेरचे लोक त्याच्याविषयी नाही नाही ते बोलतात. पण तो गावाचा सामायिक मांडव आहे. तिथे बैठक होते, सण होतो आणि वाटसरूही तिथेच उतरतो. टोल्यावरच्या वडीलधाऱ्यांनी मला दोनच प्रश्न विचारले. किती जण आहेत? आणि जेवण झाले का?

त्या दोन दिवसांत किती गाळ निघाला, ते मी विसरलो. एवढे आठवते की रविवारी संध्याकाळी, मुले निघताना, मला जात विचारणाऱ्यांपैकी एक गृहस्थ गोटूलाशी आले होते. हातात डबा होता. म्हणाले, ‘पुढच्या खेपेला चार-पाच जण आमच्याकडे धाडा भाऊ. पडवी रिकामीच असते.’ पोरांना गोटुलात झोपलेले त्यांनी दोन रात्री पाहिले होते. वरोऱ्याला जे घडले म्हणतात, त्याचा लहानसा तुकडा मी माझ्या गावात पाहिला.

इतिहासात रेल्वे वाचवणाऱ्यांची नावे राहतात, दवाखाना बांधणाऱ्यांची राहतात. ओटा कुणाचा होता, पडवी कुणी दिली, सतरंजी कुणी धुतली, हे कुठे लिहिलेले नसते. म्हणून आज सांगितले. वडशाहून गडचिरोलीकडे रेल्वेचे काम निघाले आहे. कधीतरी रूळ आमच्यापर्यंतही येतील, आणि त्यांच्यावरून अनोळखी माणसे येतील. कुणी काम करायला, कुणी नुसते पाहायला. घरात एक जास्तीची सतरंजी असू द्या. धुतलेली. आणि ती देताना नाव नंतर विचारले तरी चालेल.