एकाचे गाणे, दुसऱ्याच्या कंठी

रामायणातली एक गोष्ट तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. दोन मुनिकुमार अयोध्येत येतात आणि प्रत्यक्ष श्रीरामापुढे रामकथा गातात. ते कुश आणि लव. पण ते काव्य त्यांचे होते का? नव्हते. ते वाल्मीकींचे. एकाने रचावे आणि दुसऱ्याने गावे, ही रीत आपल्याकडे इतकी जुनी आहे बघा! प्रश्न पडतो तो पुढेच. एकाच्या गळ्यातून लोकप्रिय झालेले गाणे दुसरा गाऊ लागला, म्हणजे त्या पहिल्या गायकाचे काय होते?

याचे आपल्या घरचेच उदाहरण घेऊ. 1955 साली, 1 एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी पुणे नभोवाणी केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झाले. कल्पना केंद्रावरचे अधिकारी सीताकांत लाड यांनी उचलून धरली. गीते ग. दि. माडगूळकरांची, संगीत सुधीर फडके यांचे. माडगूळकरांचा जन्म सांगली भागातल्या शेटफळ्याचा, फडक्यांचा कोल्हापूरचा, आणि साल दोघांचे एकच, 1919. दर आठवड्याला एक गीत ठरले होते. शुक्रवारी सकाळी ते प्रथम लागे आणि शनिवारी-रविवारी पुन्हा ऐकवीत. त्या वर्षी अधिक मास आला, म्हणून गीते 52 न होता 56 झाली. पुढच्या रामनवमीला, 19 एप्रिल 1956 रोजी, मालिका संपली. तेव्हा खेड्यात रेडिओ असायचा एखाद्या-दुसऱ्या घरी. शेजारीपाजारी तिथेच येऊन बसत.

आता नीट लक्ष द्या. ही 56 गीते एकट्या फडक्यांनी गायिलेली नव्हती. रामाची गीते त्यांची, पण सीतेच्या गीतांना माणिक वर्मांचा आवाज होता, कौसल्येला ललिता फडके यांचा. वसंतराव देशपांडे, राम फाटक, सुरेश हळदणकर, मालती पांडे अशी कितीतरी गुणी मंडळी या मालिकेत गायिली. लता मंगेशकरांनीही त्यात गायिले. ज्या पात्राचे मन, त्याला साजेसा गळा, अशी ती योजना होती. रेडिओवर चेहरा दिसत नाही; तिथे आवाज हाच चेहरा.

मालिका संपली, पण लोकांची भूक काही भागली नाही. तेव्हा फडके स्वतः पेटी घेऊन बसले आणि गावोगावी 'गीतरामायण' गाऊ लागले. रामही तेच, सीताही तेच, कौसल्याही तेच! पुढे ध्वनिमुद्रिका निघाल्या, त्यांतही सारी गीते त्यांच्याच आवाजात. दुसऱ्यांच्या कंठातून घरोघरी पोहोचलेली गाणी आता फडक्यांची म्हणून ओळखली जाऊ लागली.

कोणी म्हणेल, पुरुषाच्या गळ्यात सीतेचा शोक शोभतो कसा? त्याला उत्तर आपल्या देवळातच आहे. कीर्तनकार एकटाच उभा असतो ना? घटकेत तो द्रौपदी होतो, घटकेत कृष्ण होतो, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी येते. त्याला कोणी नक्कल म्हणत नाही. गाण्यातले सुखदुःख ज्याला कळले, त्याला ते गाण्याचा अधिकार मिळतो. फडक्यांनी माणिकबाईंचा आवाज काढून दाखवला नाही. सीतेचे दुःख त्यांनी आपल्या आवाजात सांगितले. नक्कल आणि गायन यांत फरक आहे तो हाच.

पण या व्यवहारात काही गमावतेही. अभंगात संतांनी मोठी सोय करून ठेवली आहे. शेवटी नामदेवांचे, तुकोबांचे नाव येतेच. हजार गळ्यांतून गेला तरी अभंग आपल्या धन्याला विसरत नाही. आजच्या गीतात अशी नाममुद्रा नसते. ते गळ्यागळ्यांतून फिरते आणि वाटेत एकेक नाव गळून पडते. आधी पहिल्या गायकाचे, मग संगीतकाराचे, शेवटी कवीचेही. 'गीतरामायणा'त फडके निदान चालींचे धनी होते, माडगूळकरांचे नावही लोकांच्या ओठांवर राहिले. पण पहिल्यांदा सीता होऊन गायिलेल्या माणिकबाई किती मुलांना ठाऊक आहेत?

पुढे या गीतांचे हिंदी, गुजराती, कन्नड, संस्कृत अशा भाषांत अनुवाद झाले आणि मूळच्याच चालींवर नवे गायक ती गाऊ लागले. माडगूळकर 1977 साली गेले, फडके 2002 साली गेले. गाणे मात्र चालूच आहे. दुसऱ्याने गायिले म्हणूनच ते जगले. तेव्हा दुसऱ्याचे गाणे गाऊ नका, असे मी मुळीच म्हणणार नाही.

शिक्षकबंधुभगिनींना मात्र एक विनंती. शाळेच्या संमेलनात एखादी मुलगी प्रसिद्ध गाणे म्हणायला उभी राहिली, म्हणजे तिला आधी तीन नावे सांगायला लावा: हे कोणी लिहिले, चाल कोणी बांधली आणि पहिल्यांदा कोणी गायिले. अर्ध्या मिनिटाचे काम. मग तिला मोकळ्या आवाजात, तिच्या स्वतःच्या आवाजात गाऊ द्या. कुश-लवांनी गाणे वाल्मीकींचे गायिले, पण वाल्मीकींचे नाव बुडू दिले नाही. आपल्या मुलांनाही तेवढे जमेल.