स्त्रियांची खतना : प्रतिबंध कसा करता येईल?

कोणतेही वैद्यकीय कारण नसताना मुलीच्या बाह्य जननेंद्रियाचा भाग कापणे किंवा त्याला इजा करणे म्हणजे स्त्री जननांग छेदन. युनिसेफच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगात २३ कोटींहून अधिक मुली व स्त्रिया यातून गेल्या आहेत. त्यांत आफ्रिकेतील स्त्रिया सर्वाधिक आहेत. भारतात ही प्रथा मुख्यतः दाऊदी बोहरा समाजात आढळते. तिथे तिला खतना म्हणतात. साधारण सात वर्षांच्या मुलीच्या शिश्निकेवरील त्वचा, काही वेळा शिश्निकेचा भागही कापला जातो.

दुष्परिणाम

• लगेच होणारे : तीव्र वेदना, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, लघवीला त्रास.
• नंतरचे : जखमेचा व्रण, शरीरसंबंधात वेदना, भीती व नैराश्य. छेदन मोठे असल्यास प्रसूतीत गुंतागुंत होऊ शकते.

आरोग्यासाठी याचा एकही फायदा नाही.

समाजशिक्षण का?

आई किंवा आजी मुलीला इजा व्हावी म्हणून हे करत नाही. ‘आपण नाही केले तर लोक काय म्हणतील, लग्न कसे जमेल’ ही भीती त्यामागे असते. म्हणून एकट्या कुटुंबाला थांबणे जड जाते. सेनेगलमधील मालिकुंडा बंबारा गावातील स्त्रियांनी आरोग्य व हक्कांचे वर्ग केल्यावर १९९७ मध्ये ही प्रथा सोडल्याचे जाहीर केले. पुढे इतर गावांनीही एकत्र येऊन तसेच निर्णय घेतले. कायदा त्यानंतर, १९९९ मध्ये आला.

आरोग्य कर्मचाऱ्यांची भूमिका

• गरोदरपणातील तपासणीत, एकांतात, दोष न देता विचारा : “तुम्हाला याचा काही त्रास झाला का? मुलगी झाली तर तुमचा काय विचार आहे?”
• ‘डॉक्टरांकडून केले तर सुरक्षित’ हा गैरसमज आहे. निर्जंतुक ब्लेडने जंतुसंसर्गाचा धोका कमी होईल, इजा टळत नाही. अशी मागणी आल्यास स्पष्ट नकार द्या आणि कारण समजावून सांगा.
• जुना व्रण ओळखणे, उपचार व समुपदेशन यांचे प्रशिक्षण घ्या.

भारतातील कायदा

यासाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही. २०१७ मधील याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये घटनापीठाकडे सोपवली.

एखाद्या मुलीला धोका आहे असे वाटल्यास १०९८ या बाल हेल्पलाइनवर कळवा. तुम्हाला स्वतःला त्रास होत असेल, तर संकोच न करता स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. यात तुमचा दोष नाही.