मानेंतील गांठ आणि आवाजाचा तंतु

मानेच्या कडेला हळूहळू वाढणारी, न दुखणारी गांठ दिसली कीं आपल्याकडे पहिला संशय गंडमाळेचा येई, आणि तो बहुधा खराही ठरे. परंतु क्वचित् अशी गांठ मज्जातंतूच्या वेष्टनांतून उगवलेली असते. ती कर्करोगाची नव्हे. सहसा जिवावर उठत नाहीं. मात्र ती कोणत्या तंतूवर बसली आहे हें न ओळखतां शस्त्र चालविलें, तर रोगी वांचतो आणि त्याचा आवाज बसतो.

हा संबंध वैद्यकास पुरातन काळापासून ठाऊक होता. दुसऱ्या शतकांत गेलन या वैद्यानें रोममध्यें लोकांसमक्ष ओरडणाऱ्या डुकराचे मानेंतील बारीक तंतु दोऱ्यानें बांधून त्याला मुकें केलें. गांठीचें मूळ कळण्यास मात्र सूक्ष्मदर्शक यंत्र यावें लागलें. १८३९ सालीं थिओडोर श्वान यानें तंतूभोंवतालच्या पेशींचें वर्णन केलें, आणि १९१० सालीं प्राग येथें होसे वेरोकाय यानें या गांठी वेष्टनाच्याच पेशींच्या, असें मांडलें. पुढें श्वानच्या नांवावरून त्यांना श्वानोमा म्हणूं लागले.

ठाणें-कल्याणच्या रोग्यास अशा कामासाठीं मुंबईच गांठावी लागे. ठाण्यास आगगाडी १८५३ सालीं आली, कल्याणास १८५४ सालीं, भायखळ्याचें जे. जे. रुग्णालय त्यापूर्वींच, १८४५ सालीं, उघडलें होतें. परळास १९२६ सालीं के. ई. एम. व १९४१ सालीं टाटा रुग्णालय झालें. कल्याणांत जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांना वैद्यकी शिकावयास थेट अमेरिका गांठावी लागली. त्या मानानें परळ जवळच म्हणावयाचें! ठाणें महानगरपालिकेचें वैद्यकीय महाविद्यालय कळव्यास निघालें तें १९९२ सालीं.

पूर्वीं निदानाचा भार बोटांवर असे. तंतूवरील गांठ आडवी हालते, वरखालीं हालत नाहीं. ती दाबतांच कोरडा खोकला उठला, तर ती मेंदूपासून पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस या दहाव्या तंतूची, असा कयास बांधीत. १८९५ सालच्या क्ष-किरणांत हाडें दिसत, मांस नीट दिसत नसे. १९७० नंतर संगणकी व चुंबकी चित्रणें आलीं, तेव्हां नवी खूण मिळाली: व्हेगसची गांठ मानेंतील रोहिणी व नीला यांना परस्परांपासून दूर सारते, तर पाठीमागील अनुकंपी तंतूची गांठ बहुधा दोहींनाही पुढें ढकलते.

शस्त्रवैद्य पूर्वीं पुष्कळदां तंतूचा तुकडाच गांठीसह कापून टोकें शिवीत. आवाज घोगरा होई. पण ही गांठ तंतूच्या धाग्यांना बाजूस सारून वाढते, हें कळल्यावर पद्धत पालटली. श्रोत्यांनीं फणसाचा गरा चारखंडांतून सोडवितांना पाहिला असेल. तसेंच वेष्टनास लांबीच्या दिशेनें चीर देऊन, विजेच्या यंत्रानें जिवंत धागे पारखीत, गांठ आंतून सोडवितात. एवढें करूनही आवाज कांहीं काळ, क्वचित् कायमचा, बसूं शकतो. रोगी वृद्ध आणि गांठ लहान असेल, तर नुसती नजर ठेवणें हाही उपचारच, आणि तो सांगावयास वैद्याला पुष्कळ धीर लागतो.

शस्त्रक्रियेपूर्वीं व नंतर कंठांतील स्वरपट्ट्या पाहून ठेवितात. त्या जिवंत माणसाच्या गळ्यांत आरशानें पाहण्याची युक्ति मॅन्युएल गार्सिया यानें १८५४ सालीं, म्हणजे कल्याणास गाडी आली त्याच सालीं, आपल्या स्वतःच्या गळ्यावर साधली. गार्सिया वैद्य नव्हता; तो गायनमास्तर होता.