बखर, अस्सल कागद आणि न उतरलेला बोजा

इतिहासाचार्य राजवाड्यांचे कागद धुळ्यात आहेत, आणि तिथे गेले की त्यांचा एक दंडक आठवतोच. 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत त्यांनी बखरींची कडक झडती घेतली. घटनेनंतर कित्येक वर्षांनी आठवणीवर लिहिलेला मजकूर समकालीन कागदाशी ताडून पाहावा, मगच वापरावा. हा दंडक एका अगदी अलीकडच्या, संगणकाच्या दप्तराला लावून पाहू.

‘गार्बेज कलेक्टर’, म्हणजे प्रोग्रॅमने टाकून दिलेली मेमरी आपण होऊन गोळा करणारी यंत्रणा, जॉन मॅकार्थीच्या लिस्प भाषेत पहिल्यांदा आली. तिची बखर मॅकार्थीनेच 1978 मध्ये, प्रोग्रॅमिंग भाषांच्या इतिहासावरील परिषदेसाठी लिहिली. प्रसंग एमआयटीतल्या प्रात्यक्षिकाचा. उद्योगांतली पाहुणेमंडळी चौथ्या मजल्यावर टीव्हीसमोर बसलेली, मॅकार्थी पहिल्या मजल्यावर आयबीएम 704 पाशी मायक्रोफोन घेऊन. यंत्राची मेमरी नुकतीच 8,192 शब्दांवरून 32,768 वर गेलेली. काम धीमे पण नीट चालले होते. एवढ्यात यंत्राला जोडलेला फ्लेक्सोरायटर, म्हणजे विजेवरचा टंकलेखक, सेकंदाला दहा अक्षरे या चालीने टंकू लागला: गार्बेज कलेक्टरला बोलावणे धाडले आहे, आकडेवारी खालीलप्रमाणे. पाहुण्यांनी हे नाव कधी ऐकलेले नव्हते. निवेदन पानभर लांब, उरलेला वेळ त्यातच जाणार हे उघड. मॅकार्थी आणि वरचे व्याख्याते हसून हसून बेजार.

हा किस्सा गंमत म्हणून सांगितला जातो. मला त्यातले एक आडवाक्य मोलाचे वाटते. रंगीत तालमीत कलेक्टर एकदाही चालला नव्हता, आणि तालमीनंतर मेमरीतली प्रतिमा ताजी करायची राहून गेली. म्हणजे तालमीचा कचरा प्रयोगाच्या वेळी मेमरीतच पडून होता, म्हणून जागा संपली. रोगनिदान चोख आहे, पण ही गळती, म्हणजे मेमरी लीक, नव्हे. तो खरोखरच कचरा होता आणि कलेक्टर तो उचलणारच होता. यंत्रणेने आपले काम केले, फक्त चारचौघांत, मोठ्याने.

खरी गळती बखरीत नाही, अस्सल कागदात आहे. तो कागद म्हणजे एप्रिल 1960 चा मॅकार्थीचा लिस्पवरचा निबंध. त्यात ‘गार्बेज’ हा शब्दसुद्धा नाही. नाव तेव्हा तोंडी रुळले होते, पण छापायला आपणच कचरलो असावे, असे मॅकार्थीने पुढे तळटीपेत म्हटले. रीत मात्र स्वच्छ दिली आहे. ठरावीक मूळ रजिस्टरांपासून निघायचे, दुव्या-दुव्याने जिथवर पोहोचता येईल तिथल्या मेमरीतल्या प्रत्येक शब्दाचे अधिक-उणे चिन्ह उलटे करायचे. ज्याचे चिन्ह उलटले नाही तो मोकळा. मग एक इशारा आहे. पोहोचता येणाऱ्या याद्यांनीच मेमरी जवळपास भरली, तर प्रोग्रॅमचा बराचसा वेळ या साफसफाईतच जाईल.

कलेक्टर विचारतो, ‘पोहोचता येते का?’ ‘लागणार आहे का?’ हे तो विचारत नाही.

जळगावच्या शेतकऱ्याला हे समजावायला संगणक लागत नाही. सोसायटीचे कर्ज फेडले, बेबाकी दाखलाही खिशात आहे, पण सातबाऱ्यावर इतर हक्कात बोजा तसाच. तलाठी कागद पाहतो, आणि कागदावर बोजा आहे म्हणजे आहे. फेरफार झाल्याशिवाय तो उतरत नाही. जावासारख्या भाषेतली मेमरी लीक नेमकी अशीच असते. वापरकर्ता निघून गेला, पण कुठल्याशा स्टॅटिक हॅशमॅपमध्ये त्याची नोंद राहिली. त्या नोंदीमागे त्याचे सत्र, सत्रामागे त्याची अख्खी यादी, सगळे ‘पोहोचता येणारे’.

म्हणून निदानही दप्तर चाळण्यासारखेच. पूर्ण साफसफाईनंतर उरणारी मेमरी दर खेपेला थोडी थोडी चढतेय का, हे आधी लॉगमध्ये पाहायचे. नुसता चढ-उतार दिसला तर घाबरायचे कारण नाही. तळ उचलला गेला तर आहे. मग काही तासांच्या अंतराने दोन हीप डंप, म्हणजे त्या त्या क्षणीच्या मेमरीच्या नकला, घ्यायचे आणि कोणत्या वर्गाच्या वस्तू वाढल्या ते ताडायचे. तिथे नवखे लोक हटकून फसतात, कारण यादीत सर्वांत वर बहुधा स्ट्रिंग आणि बाइटचे अ‍ॅरे असतात. ते बिचारे ओझे आहेत, धरणारा दुसराच. एक वस्तू उचलून तिच्यापासून मुळापर्यंत उलटा माग काढायचा, तेव्हा धरणारा हात सापडतो.

बोजा उतरवणारा हा फेरफार यंत्राकडूनच लिहवून घेता येईल का? पवईच्या आयआयटी मुंबईत उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि अमेय करकरे यांनी नेमके हेच हाती घेतले. नोव्हेंबर 2007 च्या त्यांच्या निबंधात प्रोग्रॅम चालवण्याआधीच तपासून, कोणता दुवा पुढे कधीच वापरला जाणार नाही हे ‘अ‍ॅक्सेस ग्राफ’ने ठरवायचे आणि तिथे तो दुवा तोडणारे ‘नल’ घालायचे, अशी रीत आहे. कलेक्टर तोच, 1960 चाच प्रश्न विचारणारा. त्याच्यापुढे येणारा सातबारा तेवढा आधी दुरुस्त केलेला. पण तोडता येतो तो सिद्ध करता आलेला दुवाच. निघून गेलेला वापरकर्ता उद्या परत येईल का, हे प्रोग्रॅमच्या मजकुरात कुठेच लिहिलेले नसते. त्या हॅशमॅपमधली नोंद उतरवायला अजून कुणाला तरी दोन डंप समोर घेऊन बसावे लागते.