मल्टिजेट १.३

फियाटने विकसित केलेले चार सिलिंडरचे छोटे डिझेल इंजिन. युरोपात २००३ पासून वापरात. मूळ कारखाना पोलंडमधील बिएल्स्को-बियावा येथे. भारतात ते मनेसरला आणि पुण्याजवळ रांजणगावला बनत असे. मारुतीच्या गाडीवर ते ‘डीडीआयएस’, टाटांच्या गाडीवर ‘क्वाड्राजेट’, तर ओपेलच्या गाडीवर ‘सीडीटीआय’ या नावाने येई. इतक्या कंपन्यांनी ते वापरले की भारतातले गाडीवेडे त्याला गमतीने ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणू लागले.

रचना : सिलिंडरचा व्यास ६९.६ मिमी, पिस्टनचा स्ट्रोक ८२ मिमी, एकूण क्षमता १२४८ सीसी. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचे. वर दोन कॅमशाफ्ट आणि सोळा व्हॉल्व्ह. कॅमशाफ्ट फिरवायला बेल्टऐवजी टायमिंग चेन आहे. ती बेल्टसारखी ठरावीक किलोमीटरनंतर बदलावी लागत नाही. मात्र तिचा ताण इंजिन ऑइलच्या दाबावर राखला जातो, म्हणून ऑइल बदलण्यात चालढकल केली की चेन खडखडू लागते.

नावातले वेगळेपण इंधन फवारण्यात आहे. कॉमन रेलमध्ये सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून हजार बारहून जास्त दाबाचे डिझेल मिळते. ते एकदम न सोडता एका आवर्तनात पाचपर्यंत फवाऱ्यांत सोडता येते. मुख्य फवाऱ्याआधीच्या थेंबभर इंधनामुळे सिलिंडरमधला दाब झटक्याने चढत नाही आणि डिझेलची ओळखीची टकटक बरीच दबते. २००९ च्या मल्टिजेट-२ मध्ये फवाऱ्यांची संख्या आठपर्यंत गेली.

प्रकार : स्वभावाचा खरा फरक टर्बोने पडतो. स्थिर रचनेच्या टर्बोसह ७५ अश्वशक्ती आणि १९० न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा या गाड्यांत हेच इंजिन होते. दोन हजार फेऱ्यांखाली ते सुस्त असते, त्यापुढे एकदम खेचते. घाटात गिअर उतरवायला आळस केला, तर गाडी मान टाकते. बदलत्या पात्यांचा टर्बो कमी फेऱ्यांवर वायूची वाट अरुंद करून टर्बाइनला लवकर वेग देतो. त्याने ताकद सुमारे ९० अश्वशक्तीवर नेली. एर्टिगा, लिनिया, झेस्ट यांना तो मिळाला. शहरातल्या रहदारीसाठीही हाच प्रकार सरस. सियाझमध्ये २०१५ साली याला बॅटरीवर चालणाऱ्या स्टार्टर-जनरेटरची जोड मिळाली.

याच घराण्यातले तीन सिलिंडरचे इंजिन शेवरोले बीट डिझेलमध्ये आले. ते ९३६ सीसीचे, म्हणजे १२४८ मधून बरोबर एक सिलिंडर वजा. पद्मिनीच्या रूपाने फियाट ११०० घरोघर नेणाऱ्या प्रीमियरनेही पुढे रिओ गाडीत मल्टिजेट बसवले.

भारतातील प्रसार : २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांचा अबकारी कर कमी केला. पुढच्याच वर्षी स्विफ्ट डिझेल आली. पेट्रोल आणि डिझेलच्या दरांत मोठी तफावत होती तोवर मागणी टिकली. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ निकष लागू झाले. धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचा खर्च छोट्या गाडीच्या किमतीत बसेना, तेव्हा मारुतीने डिझेल गाड्याच बंद केल्या.