हिममत्स्याचा जीनोम

दक्षिण महासागरातील चॅनिक्थायिडी कुलातील माशांना हिममत्स्य म्हणतात. प्रौढावस्थेत रक्तात रक्तारुण म्हणजेच हीमोग्लोबिन नसणारे पृष्ठवंशी प्राण्यांचे हे एकमेव कुल होय. या माशांचे रक्त जवळजवळ रंगहीन व कल्ले पांढुरके असतात.

दक्षिण जॉर्जिया बेटावर देवमाशांची शिकार करणाऱ्यांना हा ‘रक्तहीन’ मासा परिचित होता. नॉर्वेजियन शास्त्रज्ञ योहान रूड यांनी १९२९ च्या सुमारास ही हकीकत ऐकली. परंतु खलाशांच्या इतर अनेक गोष्टींप्रमाणे तीही कल्पित समजून सोडून दिली. वस्तुतः डिटलेफ रुस्टाड यांनी १९२७ मध्येच बूव्हे बेटाजवळ असा मासा पकडला होता. पुढे रूड यांनी स्वतः दक्षिण जॉर्जियाला जाऊन रक्त तपासले व १९५४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. या माशांत ऑक्सिजन केवळ रक्तद्रवात विरघळून वाहिला जातो. थंड पाण्यात तो अधिक विरघळतो, शिवाय हृदय मोठे व रक्तवाहिन्या रुंद असल्यामुळे एवढ्यावर निर्वाह होतो.

समुद्राचे पाणी तेथे −१·९° से.पर्यंत थंड असते. सामान्य माशाचे रक्त त्याआधीच गोठेल. हिमस्फटिकांना चिकटून त्यांची वाढ रोखणारे प्रथिन आर्थर डव्हरीझ यांनी १९६० नंतरच्या दशकात शोधले. त्याचे जनुक ट्रिप्सिनोजेन या पाचक प्रथिनाच्या जनुकापासून उद्‌भवल्याचे १९९७ मध्ये दिसून आले. उत्तर ध्रुवाकडील कॉड माशात जवळजवळ तसेच प्रथिन स्वतंत्रपणे निर्माण झाले, ही गोष्ट विलक्षण आहे.

रक्तारुणाचे बीटा-जनुक नाहीसे झाले असून आल्फा-जनुकाचा केवळ अवशेष उरला आहे, हे १९९५ मध्येच कळले होते. संपूर्ण जीनोमाचे वाचन मात्र नंतरचे. प्रथम २०१४ मध्ये लाल रक्ताच्या नोटोथेनिया कोरिसेप्स या नातलग माशाचा व २०१९ मध्ये कोरियन आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी काळ्या पराच्या हिममत्स्याचा जीनोम प्रसिद्ध केला. त्यात ३०,७७३ जनुके आढळली. गोठणरोधी प्रथिनांची जनुके संख्येने वाढलेली होती, तर दिनरात्रीचे चक्र सांभाळणारी काही जनुके नव्हती. ध्रुवीय प्रदेशातील दीर्घ दिवस व रात्र यांच्याशी याचा संबंध असावा. या गटातील आणखी २४ जीनोम २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले.

गमावलेले जनुक परत येत नाही. समुद्र तापल्यास पाण्यातील ऑक्सिजन घटेल, त्यामुळे या कुलाचे भवितव्य शंकास्पद मानले जाते. तथापि चॅम्प्सोसेफॅलस ईसॉक्स ही एक जाती दक्षिण अमेरिकेच्या तुलनेने उबदार पाण्यात रक्तारुणाविनाच राहते. तिची गोठणरोधी जनुके मात्र निकामी झालेली आहेत.